३ किलोवॅटचं सोलर ५ वर न्यायचंय: जुन्या इन्व्हर्टरवरच पॅनेल वाढवावीत का?

प्रश्न (गच्चीवाला): महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन, मंजूर भार ३ किलोवॅट. ३३५ वॅटची ९ पॉली (जुन्या प्रकारची) पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग जोडलेल्या साखळीत), ३ किलोवॅटचा एक एमपीपीटीचा (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा एकच इनपुट असलेला) इन्व्हर्टर, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) आहे. ५४० वॅटची ४ पॅनेल वाढवायची आहेत. त्याच स्ट्रिंगला जोडली तर? आणि ‘अर्जबिर्ज नको, गुपचूप लावा’ म्हणतात, ते कितपत बरोबर?

डीसी_वायरमन: त्याच स्ट्रिंगला अजिबात नको. जुन्या पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (भार नसतानाचं) ४६ धरा, म्हणजे ९ चे ४१४. नवीन ४ चे साधारण १९८. झाले ६१२, आणि थंडीतल्या सकाळी आणखी चढणार. घरगुती इन्व्हर्टरच्या पाटीवर बहुतेक ५५० किंवा ६०० ही कमाल मर्यादा असते. ती ओलांडली की इन्व्हर्टर जळतो, वॉरंटीही जाते. शिवाय सिरीजमध्ये करंट सगळ्यात कमकुवत पॅनेलचा. १३ अँपिअरचं नवीन पॅनेल ९ वर अडकलं, तर ५४० ऐवजी ३७० च्या आसपास वॅट मिळतील.

दोन एमपीपीटीचा ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर घ्या, जुनी ९ एकावर, नवीन ४ दुसऱ्यावर. फक्त ४ पॅनेलचं काम करतानाचं व्होल्टेज १६६ असलं तरी एप्रिल-मेच्या उन्हात १४० पर्यंत उतरतं. एमपीपीटीची रेंज त्याच्या बरीच खालून सुरू होते ना आणि इनपुट करंट १४ अँपिअरच्या वर चालतो ना, हे डेटाशीटमध्ये बघूनच पैसे द्या.

मीटर_रीडिंग: गुपचूप लावू नका. निर्यात युनिट मीटरमध्ये नोंदली जातात. ३ किलोवॅट महिन्याला साधारण ३६० युनिट बनवतं. घरचा वापर वजा होऊनही त्याहून जास्त निर्यात दिसली, तर चोरी लपणार कशी? नेट मीटरिंगचा करारही मोडतो.

सोलरची क्षमता मंजूर भाराच्या आत हवी, म्हणून भार ५ किलोवॅट करून घ्या. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, हे वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ च्या दुरुस्तीने आलेलं कलम अर्ज करताना लक्षात असू द्या. पॅनेल एएलएमएम (सरकारमान्य मॉडेल आणि उत्पादकांच्या) यादीतलीच हवीत. पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेचं अनुदान ३ किलोवॅटला ७८,००० वर थांबतं, त्यामुळे वरच्या २ किलोवॅटचा हिशेब अनुदानाशिवायच मांडा.

गच्चीवाला: एसी बाजूची जुनी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल चालेल का? मीटरपर्यंत ३० मीटर आहे.

डीसी_वायरमन: ५ किलोवॅट म्हणजे २२ अँपिअर. जाऊन-येऊन ६० मीटरमध्ये इन्व्हर्टरच्या टोकाला ६ व्होल्ट वाढतात. दुपारी लाइन आधीच २४८ असेल तर इन्व्हर्टरला २५४ दिसणार, आणि मर्यादा २५३ लावलेली असेल तर ऐन उन्हात ट्रिप. मग लोक पॅनेलला दोष देतात! १० स्क्वेअर एमएम टाका, वाढ अडीच व्होल्टच्या आत राहते. एसीडीबीतला (एसी बाजूच्या डब्यातला) एमसीबी ३२ अँपिअरचा.

मीटर_रीडिंग: आणि नव्या स्ट्रक्चरची अर्थिंग पट्टी जुन्या डीसी अर्थिंगलाच जोडा, लाइटनिंग अरेस्टरचा (वीजरोधकाचा) खड्डा मात्र वेगळाच ठेवा. वाढीव क्षमतेची मंजुरी हातात येईपर्यंत नवीन स्ट्रिंगचा डीसी आयसोलेटर (पॅनेल तोडणारा स्विच) बंद.