मूर्तीशिवाय, फक्त उजेडावर बांधलेलं प्रार्थनागृह आपल्याकडे चालेल का?

जालन्याचा वास्तुकार

आमच्या भागातल्या एका रुग्णालयाच्या आवारात नातेवाइकांसाठी सर्वधर्मीय प्रार्थनागृह बांधायचं ठरतंय. जागा साधारण 600 चौरस फूट. आराखडा मी करतोय. आज अतिदक्षता विभागाबाहेर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. कुणी पायरीवर बसून हनुमान चालिसा म्हणतं, कुणी जिन्याच्या वळणावर चादर टाकून नमाज पढतं, कुणी डोळे मिटून पुटपुटत बुद्धवंदना म्हणतं, आणि त्यांच्यातून वाट काढत स्ट्रेचर जातं. ही माणसं आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्री जिन्यात काढतात, हे मला बघवत नाही.

माझं म्हणणं असं : खोलीत मूर्ती, फोटो, चिन्ह काहीच नको. ऑक्सिजनच्या नळ्या असलेल्या इमारतीत दिवा-उदबत्तीही नको. मग पवित्र वाटावं असं उरतं काय? उजेड. तो कुणा एकाचा नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात वास्तुकार ईरो सारिनेन यांनी 1955 साली असं प्रार्थनागृह बांधलं. विटांचं गोल बांधकाम, नजरेच्या उंचीला खिडकी नाही. छताला एक गोल झरोका, त्याखाली संगमरवरी चौथरा, मागे शिल्पकार हॅरी बर्टोया यांनी तारांवर अडकवलेले धातूचे छोटे तुकडे. झरोक्यातला उजेड त्यांच्यावर चमकत खाली येतो. बाहेरून पाण्याचा चर आहे. पाण्यावरून परतलेला उजेड भिंतीच्या तळातून आत येतो आणि विटांवर हलत राहतो.

ते जसंच्या तसं इथे उचलायचं नाही. तिथे सूर्य भर उन्हाळ्यातही क्षितिजापासून 71 अंशांच्या आसपासच चढतो. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येऊन शून्य सावली असते, डिसेंबरच्या दुपारीही सूर्य 47 अंशांवर असतो. म्हणून छताला उघडं भोक ठेवायचं नाही. पश्चिमेची भिंत पूर्ण बंद. तिच्या माथ्याला उत्तरेकडे तोंड असलेली, आडोसा दिलेली लांब फट. उजेड चुन्याच्या भिंतीवरून निथळत खाली यावा आणि येतो कुठून ते दिसू नये. बोला.

पैठणकर

नाही पटत. मूर्ती काढली, दिवा काढला, घंटा काढली, आणि उरलेल्या खोलीला तुम्ही सर्वधर्मीय म्हणता. ती तर कुणाचीच नाही. माझी आई वारकरी आहे. तिला विठ्ठलाचं मुख दिसलं पाहिजे, पायावर डोकं टेकलं पाहिजे. कोऱ्या भिंतीपुढे ती काय करणार?

आणि उजेड पवित्र, हे तरी आपलं आहे का? औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात अरुंद पायऱ्या उतरून जावं लागतं. आत अंधार, समईच्या प्रकाशात पिंड. जुन्या हेमाडपंती देवळांत जसजसं आत जाल तसतसा उजेड कमी होत जातो. ज्यांनी ती बांधली त्यांना खिडक्या ठेवता येत नव्हत्या असं थोडंच आहे?

वेरूळचंच बघा. एका डोंगरात बौद्ध, हिंदू, जैन अशी 34 लेणी शेजारी शेजारी. पण प्रत्येकाचं लेणं वेगळं. सगळ्यांचं मिळून एक कोरावं असं कुणाला वाटलं नाही. शेजार असावा, भेसळ नसावी.

जालन्याचा वास्तुकार

वेरूळचा मुद्दा वजनदार आहे. पण माझ्याकडे डोंगर नाही, 600 चौरस फूट आहेत. पाच खोल्या केल्या तर एकेक जेमतेम 120 चौरस फुटांची होईल, आणि कोणाची मोठी यावरून उद्घाटनाआधीच भांडण.

वेरूळच्याच 10 क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्यात, उभे राहा. दर्शनी भिंतीत वरच्या मजल्यावर मोठं गवाक्ष आहे आणि लेण्यांचं तोंड पश्चिमेला. दुपार कलली की ऊन थेट आत सरकतं, बुद्धमूर्तीच्या दिशेने. आत अंधार आहे म्हणूनच तो उजेड जाणवतो. औंढ्याचा अंधार मला नकोसा नाही. मला तो हवाच आहे, फक्त समईच्या जागी आकाश वापरायचंय.

बीडचा शिक्षक

मुसलमान म्हणून सांगतो, कोऱ्या भिंतीची मला अडचण नाही, उलट सोय आहे. आपल्याकडून किबला, म्हणजे नमाजासाठी तोंड करायची मक्केची दिशा, पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाच्या वेळी सूर्य साधारण समोरच्या बाजूला असतो. पश्चिमेला खिडकी ठेवली असती तर सजद्यातून, म्हणजे जमिनीला कपाळ टेकून, उठताना डोळ्यांवर ऊन आलं असतं. भिंत बंद आहे हे चांगलं.

पण वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचं काय? पाय धुवायला नळ आणि बसायला कट्टा दाराबाहेर द्या. बायकांसाठी आडोसा द्या. आराखड्यात उजेडावर पानभर आहे आणि नळावर एक ओळ नाही, असं होऊ नये.

उदगीरचा गुत्तेदार

साहेब, विलायतेतलं पाण्याचं चर सोडून दिलं ते बरं केलं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. इथं शोभेसाठी पाणी भरून ठेवलं तर लोक दगड मारतील.

पण तुमची फट बी सोपी नाही. भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर 900-1000 वॅट उष्णता असते. उत्तरेकडून ऊन येत नाही म्हणता, पण आपल्याकडं मे ते जुलै सूर्य सकाळ-संध्याकाळ उत्तरेकडंच कललेला असतो. तिरपं ऊन बरोबर आत घुसतं. फटीला उभ्या पाट्या लागतील. अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या रॉथको चॅपल या प्रार्थनागृहाचं वाचा. 1971 ला उघडलं, छतातून येणारं ऊन आतल्या चित्रांना झेपंना, खाली आडोसे लावत बसले, शेवटी झरोका बदलून 2020 ला परत उघडलं. टेक्सासमधी ही गत, तर आपल्याकडं काय होईल?

आन भिंत दगडाची जाड करायच्या नादात लागू नका. 1993 ला किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आन जड माळवदं, म्हंजे मातीची सपाट छपरंच माणसांवर पडली. आमच्याकडचा म्हातारा माणूस अजून दगडी भिंतीखाली झोपत नाही. भिंतीत आरसीसीचे, म्हंजे सळई-काँक्रीटचे, पट्टे घालाच.

जालन्याचा वास्तुकार

उभ्या पाट्या घेतो. पाण्याच्या जागी उत्तरेच्या भिंतीबाहेर पांढऱ्या खडीचा पट्टा आणि भिंतीच्या तळाला गुडघाभर उंचीची जाळी असा विचार आहे. खडीवरून उजेड वर फेकला जाईल आणि जमिनीवर बसलेल्या माणसापर्यंत पोचेल. आपली माणसं खाली बसतात, त्यांच्या नजरेची उंचीच वेगळी. जुन्या माळवदाच्या घरात साण्यातून, म्हणजे छतातल्या भोकातून, चुलीपुढच्या बाईपर्यंत बेताचा उजेड यायचा. तेवढाच पुरतो.

सिस्टर, परभणी

सगळे दिवसाचंच बोलताय. मी रात्रपाळी करते. नातेवाईक सगळ्यात जास्त कोसळतात ते रात्री दोन-तीन वाजता. तेव्हा सूर्य कुठून आणणार? दिवसा ते औषधं, रक्त आणि कागदपत्रांच्या रांगेत असतात, त्यांना तुमची खोली बघायलाही वेळ नसतो.

आणि ती अतिदक्षता विभागापासून लांब बांधली तर कुणी जाणार नाही. नाव पुकारलेलं ऐकू आलं पाहिजे. माणूस जागचा हलत नाही तो या भीतीनेच. माझ्या मते एवढ्या पैशात आधी शंभर खुर्च्या, पंखे आणि बायकांसाठी स्वच्छ संडास व्हावेत.

जालन्याचा वास्तुकार

सिस्टर, संडास आणि खुर्च्या आधी, यावर माझा वाद नाही. पण त्या आल्या तरी रडायला जागा लागतेच, आणि ती आज जिना आहे.

रात्रीसाठी त्याच फटीत लपवलेला मंद पिवळा दिवा ठेवतोय, म्हणजे भिंत रात्रीही वरूनच उजळेल. पुकारा ऐकू यावा म्हणून आत छोटा स्पीकर. खोली कुठे असावी हे तुमच्यासारख्यांनी ठरवावं. मी बाग दाखवली होती, तुम्ही विभागाचा दरवाजा दाखवताय. तुमचं बरोबर वाटतंय.

पैठणकर, पूर्वेच्या भिंतीत रिकामे कोनाडे दिले तर? आईंनी पिशवीतला विठ्ठलाचा फोटो ठेवावा, हात जोडावेत, जाताना घेऊन जावा.

बीडचा शिक्षक

पूर्वेला असतील तर नमाजीच्या पाठीमागे येतात. माझी हरकत नाही. बंद भिंतीत मात्र एकही नको.

पैठणकर

कोनाड्याने माझी आई आत येईल, एवढं मान्य. खोली मात्र मला अजूनही कोरडीच वाटते.

आणि एक सांगतो. आपल्याकडे रिकामा कोनाडा महिनाभरही रिकामा राहत नाही. कुणीतरी फोटो ठेवतं, दुसरा त्याला हार घालतो, तिसरा कुंकू लावतो. मग तो हलवायचा म्हटलं की भावना दुखावतात, आणि पोलीस बोलवावे लागतात. तो फोटो रोज संध्याकाळी कोण काढणार? सिस्टर काढणार का शिपाई? कोणत्या धर्माचा शिपाई? हे समितीकडून आधी लेखी घ्या, मगच चुन्याची पहिली फक्की टाका.

सिस्टर, परभणी

सिस्टर काढणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.