निचऱ्याच्या पाण्यातलं खत पाणथळीत अडेल का?

प्रश्न (तळ्याकाठचा):
10 एकरांत जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला. पीक सुधारलं, पण ते पाणी ज्या तळ्यात उतरतं ते दोनच वर्षांत हिरवंगार झालं. परवा पहाटे गेलो तर मासे वर येऊन तोंड वासत होते. बघवलं नाही. पाइपातून पाणी तर नितळ येतं, मग हे कशाने? आणि मधे कृत्रिम पाणथळ, म्हणजे पाणवनस्पती लावलेलं उथळ डबकं, केली तर किती जागा जाईल?

उत्तर (लव्हाळा):
दादा, नितळ दिसतं तेच फसवं. खतातल्या नत्राचं नायट्रेट होतं, ते पाण्यात पूर्ण विरघळतं, डोळ्यांना दिसत नाही. त्यावर शेवाळ माजतं, रात्रभर तेही प्राणवायू ओढतं, म्हणून पहाटे मासे गुदमरतात.

पाणथळ नक्की करा. माझी सहा वर्षं चालू आहे. निचऱ्याच्या क्षेत्राच्या साधारण 1 ते 2 टक्के जागा धरा, म्हणजे तुम्हाला 4 ते 8 गुंठे. पाणी 30 ते 45 सेंमी, त्याहून खोल नको, नाहीतर पाणकणीस (पाणथळीत लावायची उंच पात्यांची वनस्पती) नीट धरत नाही. लोकांना वाटतं झाडंच सगळं नायट्रेट शोषतात. खरं काम चिखलातले जिवाणू करतात. तिथे प्राणवायू नसतो, मग ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन हवेत जातो. त्यांचं खाणं म्हणजे कुजलेला पाला. म्हणून वाळलेली पाती सगळी कापून नेऊ नका.

माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी नायट्रेट तपासणीची पट्टी आत येणाऱ्या पाण्यात बुडवली तर गडद गुलाबी, म्हणजे नायट्रेट भरपूर; बाहेर पडणाऱ्या पाण्यातही तशीच. फार हिरमुसलो. मग तोंडाशी मूठभर सुकी पानं सोडली आणि काठाने चालत गेलो. सगळी पानं डाव्या बांधाला धरून सरळ सांडव्यावर पोहोचली! बाकीची पाणथळ नुसतीच भरलेली होती. प्रवाहाला आडवे दोन बुटके मातीचे बांध घातले, पाण्याला नागमोडी वाट दिली. पुढच्या हंगामात सांडव्याजवळची पट्टी जेमतेम गुलाबी झाली. पाणी आत काही दिवस थांबलं पाहिजे, सगळं त्यावर आहे. थंडीत मात्र जिवाणू मंदावतात.

उत्तर (माती-पाणी):
खतातल्या स्फुरदाचं (फॉस्फरसचं) गणित वेगळं आहे. तो हवेत उडून जात नाही, गाळाला चिकटून राहतो, आणि गाळातला प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटू शकतो. तोंडाशी गाळ बसायला वेगळा खोल खड्डा ठेवा आणि तो उपसत राहा. जमीन खारपड असेल तर मीठ पाणथळीत कमी होत नाही, उलट बाष्पीभवनाने वाढतं. आणि मूळ इलाज शेतातच आहे: युरिया एकदम न टाकता पिकाच्या गरजेप्रमाणे हप्त्यांत द्या.

तळ्याकाठचा:
दोघांचेही मनापासून आभार. खालच्या बाजूला 6 गुंठे चिबड तुकडा आहे, तिथेच करतो. डासांचं काय?

लव्हाळा:
गप्पी मासे सोडा, आणि पाणी कोपऱ्यात साचून राहणार नाही असं बघा. मुसळधार पावसाचं जादा पाणी बाजूने काढायला वेगळी चारी आत्ताच ठेवा. माझा बांध त्यापायीच एकदा वाहून गेला. पानं सोडून बघाल तेव्हा फोटो टाका.