पुलाचं संगणकावरचं मॉडेल मोजमापाशी जुळवल्याशिवाय त्याच्या निकालावर पूल चालू ठेवावा का?

पंचगंगाकाठ: माझं मत, ठेवू नये. आपला कोल्हापूरचा शिवाजी पूल घ्या. ब्रिटिशकालीन, दगडी कमानींचा. दगडांमधले चुन्याचे सांधे किती मुरलेत, कमानीवरच्या भरावाचं वजन किती, हे आकडे मॉडेलमध्ये अंदाजानेच घालावे लागतात. त्यापेक्षा पुलावर कंपनमापक लावा, वारंवारिता, म्हणजे पूल सेकंदाला किती वेळा थरथरतो, ते मोजा आणि मॉडेलमधले आकडे त्याला जुळेपर्यंत दुरुस्त करा. एका गर्डरच्या (आडव्या तुळयांच्या) पुलावर मोजलेली वारंवारिता मॉडेलपेक्षा जास्त आली होती. खाली जाऊन बघितलं तर बेअरिंग, म्हणजे गर्डर ज्यावर टेकून सरकतो तो आधार, गंजून जाम! हाताला पापुद्रे लागत होते. मॉडेलमध्ये मात्र ते खुशाल सरकत होतं.

नदीवेस: भावा, जुळलं म्हणजे खरं झालं असं नाही. भरावासकट पुलाचं वजन कमी धरलं आणि ताठरता, म्हणजे न वाकण्याची ताकद, तीही त्याच प्रमाणात कमी केली, तरी वारंवारिता तीच येते. त्यात ताठरता १० टक्के उतरली तर वारंवारिता जेमतेम ५ टक्के हलते. महाडचा सावित्रीवरचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ ला पुरात गेला. मला भीती पाण्याखालची आहे. पैसा आधी पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवर खर्चा, पाया तपासा.

पंचगंगाकाठ: म्हणून तर नुसत्या वारंवारितेवर थांबायचं नाही. वजन करून आणलेले भरलेले ट्रक उभे करून पूल किती वाकतो तेही मोजायचं, आणि ती मोजणी जुळवणीत वापरायची नाही. जुळवलेल्या मॉडेलनं तो आकडा आधी सांगितला तरच त्याला मानायचं. आणि पायाखालची माती गेली की खांबाचा आधार सैल होतो, तेही कंपनात उतरतं.

उन्हाळी_पावसाळी: दोघंही हवामान विसरताय. स्वित्झर्लंडचा झेड-२४ पूल १९९८ मध्ये पाडण्याआधी जवळपास वर्षभर मोजला. थंडीत डांबर कडक झालं आणि वारंवारिता चढली. आपल्याकडे गोठण नाही, पण मे महिन्यातला तापलेला दगड आणि ऑगस्टमधलं भिजलेलं दगडी बांधकाम एकसारखं वागणार नाही. एका दिवसाची मोजणी घेऊन मॉडेल जुळवलं, तर ते त्या दिवसापुरतंच.

नदीवेस: वर्षभर मोजा, माझी ना नाही. पण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेलं की धोका पातळी ओलांडली. त्या रात्री मी मॉडेल जुळायची वाट बघणार नाही. पूल बंद करा म्हणेन. पूर ओसरला की आधी बुडी मारणारी माणसं, मग तुमचे कंपनमापक.

पंचगंगाकाठ: त्या रात्री बंद, मान्य. पण कंपनमापक पुराआधीपासून लावलेले हवेत. आधीची नोंदच नसेल तर पुरानं काय बदललं हे कशाशी ताडून बघणार?