मदत हवी आहे: नॉन-रिफंडेबल हॉटेल बुकिंग रद्द करायचंय, इन्शुरन्समधून पैसे मिळतील का?

गोदाकाठ
नमस्कार. १९ मेची आमची युरोप ट्रिप रद्द करावी लागतेय. पॅरिस ३ रात्री, इंटरलाकेन ४ रात्री, दोन्ही हॉटेलं नॉन-रिफंडेबल. मिळून १ लाख ५३ हजार जातायत. साइटवाले म्हणतात हॉटेलला विचारा, हॉटेलवाले म्हणतात साइटला विचारा. दोन दिवस हेच चाललंय. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलेला आहे. विमानाचं आम्ही बघून घेतलंय, ते नको. फक्त हॉटेलचं सांगा, आणि प्लीज लवकर.

सह्यभटक्या
रद्द का करताय ते लिहिलंच नाहीत. व्हिसा नाकारला, सुट्टी मिळाली नाही की घरात कुणी आजारी आहे? सगळं त्यावर ठरतं.

निवांत पुणेकर
नॉन-रिफंडेबल घेऊच नये. मी कायम फ्री कॅन्सलेशनवालं घेतो, थोडे जास्त जातात पण झोप शांत लागते. व्हिसाच्या फाइललाही तेच बरं पडतं.

गोदाकाठ
@निवांत पुणेकर, आता हे ऐकून मी काय करू? चौघांचं बजेट होतं, व्हिसा हातात आल्यावर स्वस्त पडलं म्हणून घेतलं.
कारण: सासूबाई रविवारी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. काल ऑपरेशन झालं. त्यांना सोडून जाणं शक्यच नाही.

निवांत पुणेकर
माफ करा ताई, मला कल्पना नव्हती. सासूबाईंना लवकर बरं वाटो.

जुना विमावाला
मी बरीच वर्षं क्लेमच्या टेबलावर काढली आहेत. चार गोष्टी सांगा.
सासूबाई तुमच्याबरोबर येणार होत्या का? हॉटेल कुणाच्या नावावर आहे? पॉलिसी त्या पडायच्या आधीची आहे ना? आणि पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे कशासाठी किती संरक्षण ते लिहिलेल्या पानावर, ‘ट्रिप कॅन्सलेशन’ अशी ओळ आहे का, असल्यास समोर आकडा किती?

गोदाकाठ
त्या येणार नव्हत्या, दिरांकडे राहणार होत्या. हॉटेल यांच्या नावावर. पॉलिसी मार्चमधली. ३० हजार युरोची आहे, म्हणजे दीड लाख सहज बसतील ना त्यात?

जुना विमावाला
नाही, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. ते ३० हजार युरो म्हणजे शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागणारं किमान वैद्यकीय संरक्षण. तुम्ही तिकडे आजारी पडलात तर तिथला दवाखाना, आणि घरी परत आणण्याचा खर्च. न गेल्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत. त्यासाठी वेगळी ओळ असते आणि तिची मर्यादाही वेगळी. व्हिसापुरती घेतलेल्या स्वस्त पॉलिसीत ती ओळ नसतेही. शेड्यूल उघडून बघा, मगच पुढे बोलू.

न्यूजर्सीकर
इथे अमेरिकेत ‘कॅन्सल फॉर एनी रीझन’ मिळतं. कारण सांगावं लागत नाही, साधारण ५० ते ७५ टक्के परत. पहिला हप्ता भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत घ्यावं लागतं. आम्ही दरवेळी घेतो.

सह्यभटक्या
त्या नाशिकला आहेत, पॉलिसी मार्चमध्येच काढून झाली. याचा आत्ता काय उपयोग?

न्यूजर्सीकर
पुढच्या वेळेसाठी सांगितलं. वाचणारे इतरही आहेत.

मुठाकाठची मेधा
युरोपात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत परत करता येते, कायदाच आहे तसा. माझ्या भाचीने जर्मनीत बूट परत केले. हॉटेलला तो कायदा दाखवा, मुकाट्याने देतील.

कायदेपंडित नव्हे
मेधाताई, बुटांना लागू आहे, हॉटेलला नाही. २०११च्या ग्राहक हक्क निर्देशातच ठरावीक तारखांच्या निवासाच्या बुकिंगला यातून वगळलंय. शिवाय इंटरलाकेन स्वित्झर्लंडमध्ये, तो देश युरोपीय संघात नाही. असं लिहून पाठवलं तर हॉटेलवाला दुखावेल. त्याच्याकडे आपल्याला विनंती करायची आहे.

मुठाकाठची मेधा
मला चांगल्या हेतूने सांगायचं होतं. पण हॉटेलवाल्यांना एवढं सांभाळून का घ्यायचं? खोली ते दुसऱ्याला विकणारच आहेत.

कायदेपंडित नव्हे
विकली जाईल म्हणूनच तर आत्ता विचारायचं. मेमध्ये खोल्यांना मागणी असते. आदल्या दिवशी विचारलं तर तो देईल कशाला?

वाट चुकलेला
मी असताना कार्डच ब्लॉक केलं असतं. नाहीतर बँकेत डिस्प्यूट टाका, म्हणजे हा कार्डाचा व्यवहार मान्य नाही अशी तक्रार.

सह्यभटक्या
अजिबात करू नका. खोली तयार होती आणि अट तुम्ही वाचून मान्य केली होती, मग डिस्प्यूट टिकत नाही. वर हॉटेल चिडतं ते वेगळंच. आमच्या २०२३च्या व्हिएतनाम ट्रिपच्या वेळी मुलाला डेंगी झाला. मी हॉटेलच्या मॅनेजरला थेट मेल केला, हॉस्पिटलचा कागद जोडला आणि पैसे परत न मागता तारीख बदलून मागितली. तीनपैकी दोघांनी दिली. साइटच्या चॅटवर तेच मागताना आठवडा गेला होता. हॉटेलने ‘आम्ही शुल्क माफ करतो’ असं लिहून दिलं की ते साइटला पाठवायचं, मग साइटला अडवायला कारण उरत नाही. आधी कॅन्सलचं बटण मात्र दाबू नका. दाबलं की बदलायला बुकिंगच शिल्लक राहत नाही.

भटकी_सुमेधा
+१. दिवाळीची तारीख मागा. इंटरलाकेनला ऑक्टोबरमध्ये झाडांना काय रंग येतो! आणि रेल्वेचा पास इथूनच काढा, तिथे गेल्यावर वेळ जातो. वर जंगफ्राउयोखच्या बर्फात जायचं तर आदल्या रात्री वेबकॅम बघा, ढग असले तर वर काहीच दिसत नाही.

कायदेपंडित नव्हे
दिवाळी म्हणण्याआधी व्हिसा बघा. शेंगेन व्हिसाला तारखा असतात, सहसा प्रवासाच्या तारखांवर १५ दिवस सूट. ऑक्टोबरमध्ये जायचं तर नवा अर्ज, मोठ्या माणसाला ९० युरो फी, आणि ती परत मिळत नाही. हॉटेलकडून वर्षभराचं व्हाउचर मिळालं तर ते सगळ्यात बरं.

गोदाकाठ
शेड्यूल सापडलं. ‘ट्रिप कॅन्सलेशन’ आहे! ५०० डॉलर, प्रत्येकी. खाली लिहिलंय ‘निकटच्या कुटुंबीयाचं रुग्णालयात दाखल होणं’. सासू निकटच्या कुटुंबात येते का? आमच्या घरात तरी येते.

जुना विमावाला
छान. आता त्याच पॉलिसीत मागे व्याख्या दिलेल्या असतात, तिथे ‘निकटचे कुटुंबीय’ शोधा. काही पॉलिसीत सासू-सासरे असतात, काहींत नवरा-बायको, मुलं आणि आई-वडील एवढेच. पण तुम्ही प्रश्नच उलट्या बाजूने धरलाय. तुमच्या सासूबाई म्हणजे यजमानांची आई. आई व्याख्येत असतेच. हॉटेलही त्यांच्या नावावर आहे. त्यांचा क्लेम आईच्या नात्याने पहिला लावा. तुमचा दुसरा. मुलांसाठी आजी व्याख्येत आहे का, ते बघून मग.

गोदाकाठ
हे मला सुचलंच नसतं. खरंच आभार.

वाट चुकलेला
एवढं कशाला? तुमच्यापैकीच कुणाचं तरी डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. आमच्या इथे मिळतं.

जुना विमावाला
असं कृपा करून सुचवू नका. या ताईंचं कारण खरं आहे, कागद खरे आहेत. एक खोटा कागद आत गेला की उघडा पडल्यावर खरा क्लेमही जातो.

ताई, कागद आजपासून गोळा करा: ॲडमिशनचा कागद, एक्स-रे रिपोर्ट, ऑपरेशनच्या नोट्स, डिस्चार्ज कार्ड. मायलेकाचं नातं दाखवणारा पुरावा. हॉटेलचं पैसे भरल्याचं बिल, आणि ‘काहीही परत मिळणार नाही’ असं हॉटेलचं लेखी उत्तर. कंपनीला आजच मेलवर कळवा, नुसता फोन नको. एक विचारतो, सासूबाईंना आधीपासून ठिसूळ हाडांची औषधं चालू होती का?

गोदाकाठ
कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या. त्याने काय होतं?

जुना विमावाला
‘आधीचा आजार’ म्हणून बोट ठेवू शकतात. काही लपवू नका. फक्त डॉक्टरांच्या कागदावर ‘घसरून पडल्यामुळे फ्रॅक्चर’ हे स्पष्ट आहे ना बघा, आणि रविवारची तारीख. नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकीलही लागत नाही.

न्यूजर्सीकर
२०२० मध्ये लॉकडाउनला सुप्रीम कोर्टाने रिफंड द्यायला लावले होते ना? त्याचा आधार नाही घेता येणार?

कायदेपंडित नव्हे
तो निकाल विमान तिकिटांचा, आणि त्या काळापुरता. इथे लागू नाही.

गोदाकाठ
अपडेट देते. सह्यभटक्यांनी सांगितलं तसं दोघांनाही मेल केला, कागद जोडून. इंटरलाकेनच्या बाईंनी चार तासांत उत्तर दिलं. वर्षभरात कधीही या म्हणाल्या, दरात फरक पडला तर तेवढा भरायचा. आईंची चौकशीही केली त्यांनी. मला रडूच आलं. पॅरिसवाल्यांनी नाही म्हटलंय, पण तसं लिहून दिलंय. ६१ हजार आहेत त्यांचे. आता तेवढंच क्लेममध्ये टाकायचं ना? की इंटरलाकेनचंही?

जुना विमावाला
फक्त पॅरिसचं. इंटरलाकेनचं व्हाउचर मिळालंय, ते तुमचं नुकसान नाही. पॅरिसचं बुकिंग आता साइटवरून रीतसर रद्द करा आणि रद्द झाल्याची पावती ठेवा. तसंच सोडलं तर ‘नो-शो’ (न कळवता आलाच नाहीत) असं लागतं आणि क्लेमला ते अडतं. बिलावर पाहुणे म्हणून कुणाकुणाची नावं आहेत?

गोदाकाठ
फक्त यांचं. आणि ‘२ मोठे, २ मुलं’.

जुना विमावाला
मग साइटला चौघांची नावं घालून बिल नव्याने मागा, रद्द करण्याआधी. यजमानांचे ५०० डॉलर ६१ हजारांना पुरणार नाहीत, उरलेलं तुमच्या क्लेममधून मागावं लागेल. डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, किती आहे तेही त्याच पानावर बघून इथे लिहा.