प्रोग्रेसिव्ह ज्यू परंपरेत रब्बी व्हायचं तर हिब्रू किती हवं?

चौलकर
प्रोग्रेसिव्ह (उदारमतवादी ज्यू) परंपरेत रब्बीचं, म्हणजे धर्मगुरूचं, शिक्षण किती वर्षांचं असतं? स्वरखुणा असलेलं हिब्रू अडखळत वाचता आलं तर पुरतं का? आणि मुलांना प्रार्थना शिकवणाऱ्यांनाही हेच सगळं करावं लागतं का?

पसूक
लंडनच्या लिओ बेक कॉलेजात (स्थापना १९५६) पूर्णवेळ पाच वर्षं. अमेरिकेतल्या हिब्रू युनियन कॉलेजातही (१८७५) साधारण तेवढीच, आणि आधी पदवी हवी. तनाख (हिब्रू बायबल), मिद्रश (त्यावरची जुनी भाष्यं), तालमूद (धर्मनियमांवरच्या चर्चांचा ग्रंथ), प्रार्थनाविधी, इतिहास आणि जोडीला मंडळीत (उपासक समुदायात) प्रत्यक्ष उमेदवारी: आजाऱ्यांना भेटणं, लग्न, दफन. शेवटी स्मिखा, म्हणजे रब्बीपदाची दीक्षा. ती स्त्रियांनाही मिळते. अमेरिकेत सॅली प्रीसँड १९७२ मध्ये रब्बी झाल्या.

अडखळत वाचन मात्र अजिबात पुरत नाही. तालमूदच्या पानावर स्वरखुणा नाहीत, विरामचिन्हं नाहीत आणि निम्मी भाषा अरामी. आतापासून धातू ओळखायची सवय लावा. ‘वय्योमेर’ दिसलं की सुरुवातीची वाव आणि योद ही अक्षरं बाजूला काढा. उरतं आलेफ-मेम-रेश, म्हणजे ‘बोलणे’. ‘वय्यित्तेन’मध्ये फसगत होते: धातू नून-ताव-नून (देणे), पण पहिला नून गळालेला. नवखा माणूस कोशात योदखाली शोधत बसतो, मग कंटाळून भाषांतर उघडतो. ही सवय एकदा जडली की तालमूदच्या वर्गात हमखास अडकायला होतं.

रेशदालेत
शिक्षकांचं प्रशिक्षण वेगळं, रब्बीचा अभ्यासक्रम लागत नाही. पण अक्षरं पक्की हवीतच.

मराठी मुलांना प्रार्थना देवनागरीत लिहून देऊ नका, कळकळीने सांगतो. मुलं देवनागरीच वाचतात, हिब्रू अक्षराकडे डोळा वळतच नाही. शिवाय आपला ‘ख’ म्हणजे हिब्रूतलं खेत हे अक्षर नव्हे. खेत घशातून घासत येतो.

सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात घेऊ नका. दालेतचा वरचा कोपरा मागे टोकासारखा बाहेर येतो, रेशचा खांदा गोल. शेमा या मुख्य प्रार्थनेतलं ‘एखाद’ (एक) दालेतने संपतं. तिथे रेश वाचला तर ‘अखेर’ होतं, म्हणजे ‘दुसरा’! म्हणूनच सेफर तोरामध्ये (तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत) तो दालेत मोठा लिहितात. मुलांना तो दाखवा, फरक कायमचा लक्षात राहतो.

चौलकर
आभारी आहे. सेफरमधून वाचण्याचा सराव कसा करावा? आणि मुंबईत या परंपरेची मंडळी आहे ना?

पसूक
आहे. ज्युईश रिलिजियस युनियन १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

सरावाला तिक्कुन हे पुस्तक घ्या: एका रकान्यात स्वर आणि सुरांच्या खुणा, शेजारी सेफरसारखा कोरा मजकूर. एका वेळी तीनच पसूक (वचनं). आधी खुणांसह वाचा, अर्थ लावा, मग तो रकाना झाकून वाचा. चाल सर्वांत शेवटी. रेकॉर्डिंग ऐकून आधी चाल पाठ केली तर तोंड पुढे पळतं आणि याद (ओळ दाखवायची काठी) भलत्याच ओळीवर राहतो.