‘भरपाई खोली’ की ‘चुनरेषा’?

प्रश्न: ‘कार्बोनेट कॉम्पेन्सेशन डेप्थ’ला मराठीत काय म्हणावं? ‘भरपाई खोली’ खटकतं.

दर्यावर्दी: खटकायलाच हवं. भरपाई म्हटली की आधी नुकसान आलं आणि मग ते भरून देणारा कोणी. इथे तसं काही नाही. वरून पडणारी सूक्ष्मजीवांची कॅल्साइटची (म्हणजे चुन्याच्या, कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची) कवचं आणि तळाशी विरघळणारी कवचं, दोन्हींचा वेग जिथे सारखा होतो ती ही खोली. जमा तेवढाच खर्च. म्हणून ‘समतोल खोली’. आज ती अटलांटिकमध्ये सुमारे ५००० मीटर, पॅसिफिकमध्ये ४२०० ते ४५००. बोलताना ‘चुनरेषा’ चालेल, हिमरेषेच्या धर्तीवर: समुद्रातल्या डोंगरांचे माथे पांढरे, खाली तपकिरी माती.

गाळवेचक: चुनरेषा छान, पण ती सगळ्यात खालची. तिच्या वर आणखी दोन पातळ्या आहेत. पहिली संपृक्ततेची सीमा: इथून खाली पाणी कॅल्साइटच्या बाबतीत असंपृक्त, म्हणजे त्यात ते आणखी विरघळू शकतं. (‘संतृप्त’ हिंदीतून येतं, आपल्या पाठ्यपुस्तकातलं ‘संपृक्त’च ठेवा.) दुसरी लायसोक्लाइन, जिथे विरघळणं एकदम वाढतं. संशोधक पीटरसन यांनी मध्य पॅसिफिकमध्ये कॅल्साइटचे गोळे वेगवेगळ्या खोलीवर टांगले होते. सुमारे ३७०० मीटरखाली त्यांचं वजन झपाट्याने घटलं. ते १९६६ मध्ये छापून आलं आणि लायसोक्लाइन हे नाव दुसरे संशोधक बर्गर यांनी १९६८ मध्ये दिलं. याला ‘झीजरेषा’ म्हणू नये. झीज घासून होते, हे रासायनिक आहे. मी तरी लायसोक्लाइनच लिहीन.

दर्यावर्दी: मान्य. किती विरघळलं हे सांगताना नवशिके फसतात. गाळातला चुना ९० टक्क्यांवरून ८० वर आला की ‘दहा टक्के विरघळला’ असं लिहितात. माती विरघळत नाही. १०० ग्रॅम गाळात १० ग्रॅम माती होती. तीच आता २० टक्के झाली, म्हणजे एकूण ५० ग्रॅम उरले आणि त्यात चुना ४०. अर्ध्याहून जास्त गेला! ‘प्रमाण घटलं’ आणि ‘चुना घटला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

प्रश्न: आणि ‘प्रॉक्सी’, म्हणजे थेट मोजता न येणाऱ्या गोष्टीचा अंदाज देणारं दुसरं मोजमाप? ‘दर्शक’ म्हणू का?

गाळवेचक: नको, दर्शक म्हटलं की लिटमस आठवतो. ‘मापक’ही नको, कारण मोजतो एक आणि काढतो दुसरंच. सिबिसिडॉइडिस वुलरस्टॉर्फी या तळवासी फोरॅमिनिफेराच्या (कवचधारी एकपेशीय जीवाच्या) कवचातलं बोरॉन-कॅल्शियम गुणोत्तर घ्या. कार्बोनेट आयन संपृक्ततेपेक्षा किलोमागे १ मायक्रोमोलने जास्त झाला की हे गुणोत्तर कॅल्शियमच्या मोलमागे सुमारे १.१४ मायक्रोमोलने वाढतं. फरक शून्य असताना ते १७७ च्या आसपास असतं. जवळच्याच मुंड्युलस जातीत मात्र ११९. दोन जाती मिसळल्या की उत्तर कचऱ्यात. कवचं फोडून मेथॅनॉलमध्ये अल्ट्रासाउंडने माती काढायची, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय अंश. माती राहिली तर तिचं बोरॉन आकड्यात शिरतं. एवढं सगळं पोटात घेणारा मराठी शब्द मला सुचत नाही. प्रॉक्सीच राहू द्या.

प्रश्न: ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या तापकाळात चुनरेषा ‘वाढली’ म्हणायचं का?

दर्यावर्दी: अजिबात नाही. ‘खोली वाढली’ म्हणजे ती खाली गेली, आणि तेव्हा घडलं उलटं. २००३ मध्ये दक्षिण अटलांटिकच्या वॉल्व्हिस रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेवर काढलेल्या गाभ्यांत (तळातल्या गाळाच्या उभ्या नमुन्यांत) फिकट चुन्याच्या मधोमध गडद मातीचा थर आहे. रेषा दोन किलोमीटरहून जास्त ‘वर चढली’ होती. थराचा खालचा काठ म्हणजे घटनेची सुरुवात, असं मात्र लिहू नका. आधी साठलेला चुनाही नंतर विरघळला, त्यामुळे तो काठ जरा जुन्या गाळात उतरलेला असतो.