नोटर डेमचा २०२४चा मोसम: तुम्ही कुठून पाहिलात?

मंडळी, नोटर डेम या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा २०२४चा मोसम आपल्यापैकी कित्येकांनी जीव मुठीत धरून पाहिला. ज्याने जिथून पाहिला, तिथलं लिहा. सुरुवात मी करते.

७ सप्टेंबरला मी साउथ बेंडला, आपल्या घरच्या स्टेडियममध्येच होते. आदल्याच आठवड्यात टेक्सास ए अँड एमला त्यांच्या घरी २३-१३ हरवून आपला संघ आलेला. समोर नॉर्दर्न इलिनॉय, कुणाला चिंता नव्हती. शेवटची ३१ सेकंदं उरली असताना त्यांची किक खांबांमधून गेली, त्यांना तीन गुण. १४-१६, आपण हरलो. शेजारच्या आजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "आता एकही हरून चालायचं नाही."

नवख्यांसाठी सांगते. नोटर डेम फुटबॉलमध्ये कुठल्याही कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, नाही. त्या मोसमात बाकीच्यांना कॉन्फरन्स जिंकून प्लेऑफचं, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीचं, दार उघडता यायचं, आपल्याला निवड समितीनं घेतलं तरच प्रवेश होता. त्यातून पहिल्या फेरीची सूट फक्त कॉन्फरन्स विजेत्यांना होती. म्हणजे कितीही जिंका, एक सामना जास्तीचा खेळायचाच. त्यानंतरचा प्रत्येक शनिवार मला बारावीच्या पेपरासारखा गेला. ओळीनं दहा जिंकले. एकूण अकरा विजय, एक हार.

न्यू जर्सीहून
मी २६ ऑक्टोबरला मेटलाइफ स्टेडियमवर नेव्हीविरुद्धचा, म्हणजे अमेरिकन नौदलाच्या अकादमीच्या संघाविरुद्धचा, सामना पाहिला. ५१-१४. पण लक्षात राहिलं ते सामन्यानंतरचं. दोन्ही संघ आधी एका, मग दुसऱ्या कॉलेजच्या गीतासाठी शेजारी शेजारी उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात नौदलानं आपले प्रशिक्षणार्थी नोटर डेमला पाठवले, म्हणून कॉलेज तगलं. ते ऋण नोटर डेम अजून मानतं. कॉन्फरन्स नसल्यानं अशी जुनी नाती जपायला वेळापत्रकात जागा राहते, हे मला फार मोलाचं वाटतं.

इंडियानाहून
२० डिसेंबर. प्लेऑफचा सामना पहिल्यांदाच कॉलेजच्या मैदानावर होणार होता, आपल्याच, इंडियाना विद्यापीठाविरुद्ध, आणि आई सांगलीहून आलेली. ती म्हणाली, मीही येणार. दोन स्वेटर, वर माझा कोट, कानटोपी, त्यावरून शाल. खेळ तिला कळत नव्हता. इंडियानाचा पास आपल्या गोलरेषेजवळ अडवला गेला आणि लगेच आपला जेरेमाया लव्ह चेंडू घेऊन सुटला. ९८ यार्ड! आई उठून उभी राहिली, माझा दंड घट्ट धरून "पळ, पळ बाळा!" म्हणत होती. २७-१७ जिंकलो. ती परत गेली, पण अजून दर फोनवर विचारते, "आपला तो पळणारा मुलगा कसा आहे?"

ह्यूस्टनहून
प्लेऑफच्या पुढच्या सामन्यासाठी, शुगर बोलसाठी, न्यू ऑर्लीन्सला गेलो होतो. १ जानेवारीच्या पहाटे बर्बन स्ट्रीटवर हल्ला झाला, १४ माणसं गेली. आम्ही हॉटेलात बसून घरच्यांना "सुखरूप आहोत" कळवत राहिलो. सामना एक दिवस पुढे गेला. जॉर्जियाला २३-१० हरवलं, दुसऱ्या हाफची पहिलीच किक पकडून आपल्या जेडन हॅरिसननं चेंडू थेट समोरच्यांच्या गोलरेषेपार, टचडाउनला नेला. मी ओरडलो आणि त्याच क्षणी गळा दाटून आला. याहून जास्त लिहवत नाही.

पुण्याहून
माझा धाकटा भाऊ तिथे शिकला. अंतिम सामना अटलांटात, आमच्याकडे २१ जानेवारीची सकाळ. सहाला टीव्ही लावला, भाऊ व्हिडिओ कॉलवर. आपली पहिलीच चढाई १८ चालींची, जवळजवळ दहा मिनिटांची. आपला क्वार्टरबॅक (चाली चालवणारा खेळाडू) रायली लेनर्ड स्वतः पुन्हा पुन्हा चेंडू घेऊन घुसत होता, शेवटी टचडाउन. मग समोरच्या ओहायो स्टेटनं ओळीनं ३१ गुण काढले. भाऊ गप्प झाला.

आपले प्रशिक्षक मार्कस फ्रीमन कडेला उभे होते. विजेतेपदाच्या लढतीत संघ नेणारे ते पहिलेच कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आणि अमेरिकेत तो दिवस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृतीचा. संघानं सोडलं नाही. ३१-१५, मग ३१-२३. भाऊ परत बोलायला लागला. इतक्यात ओहायोचा तो लांब पास, ५६ यार्डांचा, आणि त्यावर मिळालेले तीन गुण. ३४-२३, हरलो.

नऊ वाजून गेले होते. चहा केव्हाच गार झाला होता. भावानं त्याचा निळा स्वेटशर्ट कॅमेऱ्यासमोर धरला, म्हणाला, "ताई, उद्या हाच घालून कामाला जाणार आहे."